जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परमध्ये सामानाची जागा वाढवताना या चुका टाळा

सुताराला बोलावण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीत, शोधली तर जागा सापडतेच, गाडं अडतं ते वजनापाशी. डिझेल आणि पाणी भरून, नेहमीची माणसं बसवून वजन घ्या आणि आरसीवर लिहिलेल्या भारासहित वजनातून ते वजा करा. उरलेल्या किलोंमध्येच नवं फर्निचर आणि त्यात भरायचं सामान बसलं पाहिजे. नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या अ‍ॅक्सलचंही वजन घ्या. बहुतेक घोटाळे तिथेच उघड होतात.

जड सामान डिकीत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मागचा दरवाजा उघडला की हाताशी येतं, म्हणून पाण्याची टाकी, हत्यारं, जादा बॅटरी सगळं शेवटच्या टोकाला ठेवलं जातं. ३३५० मिमी व्हीलबेसच्या ट्रॅव्हलरमध्ये ६० लिटरची भरलेली टाकी मागच्या चाकांच्या १.२ मीटर मागे बसवली, तर मागच्या अ‍ॅक्सलवर ६० नाही, सुमारे ८१ किलो वाढतात आणि पुढची चाकं २१ किलोंनी हलकी होतात. तरफेचा साधा नियम आहे. जुन्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गाडी मागे बसते, स्टिअरिंग हलकं लागतं आणि घाट उतरताना पुढच्या चाकांची पकड कमी पडते. टाकी दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे, जमिनीलगत घ्या. डिकीत गाद्या, कपडे, घडीच्या खुर्च्या ठेवा. टपावरच्या कॅरिअरलाही हाच न्याय: वर फक्त हलकं सामान. शिवाय गाडीची उंची किंवा आसनसंख्या बदलणार असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, तेव्हा काम सुरू होण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

घरातल्यासारखं १८ मिमी प्लाय

८×४ फुटांचा १८ मिमीचा एक ताव ३२ ते ३५ किलो भरतो, ९ मिमीचा साधारण त्याच्या निम्मा. सहा ताव लागले, तर शंभर किलोंचा फरक. कप्प्यांच्या बाजू आणि दारं ९ मिमीची करा. बेडच्या झाकणाखाली दर ३०० मिमीवर आडवी पट्टी दिली की तिथेही ९ मिमी पुरतं. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना सील लावायला विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं.

पत्र्यात थेट स्क्रू

जुना पत्रा पातळ असतो, काही ठिकाणी आतून गंजलेलाही. त्यात मारलेला स्क्रू गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो, भोक मोठं होतं आणि एक दिवस वरचा कप्पा खाली येतो. आतल्या बरगड्या शोधून त्यांत एम ६ चे रिव्हनट (रिव्हेटसारखे पत्र्यात घट्ट बसणारे, आत आटे असलेले नट) बसवा, भोकाच्या कडेला आधी झिंक प्रायमर लावा. फरशीत ड्रिल करण्यापूर्वी गाडीखाली शिरून ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या कुठून जातात ते बघा, खुणा वरच्या बाजूला उतरवा. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोली मर्यादित ठेवा.

हवा बंद करणं

गार पत्र्याला चिकटून बंद कप्पा केला की आत दव धरतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर बुरशी धरायला आठवडाही पुरतो. पत्रा आणि कप्पा यांत २० मिमी फट ठेवा. प्रत्येक खणाला खाली आणि वर ३५ मिमीची भोकं पाडा. कप्पा तरीही ओला होत असेल, तर दोष कप्प्याचा नसतो: खिडकीच्या रबरावर बादलीनं पाणी ओतून आतून बघा, आणि दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा.

सिलेंडर आणि बॅटरी कधीच एका खणात नको. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून ५ किलोच्या सिलेंडरचा खण आतून हवाबंद करून थेट गाडीखाली उघडणारं भोक फरशीतच हवं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो वर जातो, तेव्हा तिथली वाट वरून बाहेर काढा.

ड्रॉवर उघडतो किंवा अडकतो

साध्या चॅनेलचा ड्रॉवर वळणावर उघडतोच. दाबून उघडणारं पुश-लॉक लावा. उतारावर गाडी उभी केली की दारं अडकत असतील, तर बॉडी किंचित पिळली जाते आणि फट कमी पडते. चहूबाजूंनी ३ मिमी सोडा. मापं घेताना पाणसळीवर विसंबू नका, गाडीच मुळात सपाट उभी नसते. गुण्या वापरा आणि वाकड्या भिंतीसाठी पुठ्ठ्याचा साचा काढा.

नव्या जागा शोधताना आधी चालकाच्या डोक्यावरचा कोनाडा, चाकांच्या कमानींमधली पोकळी, सीटखालचा स्टँड आणि चौकोनी कपाटामागे उरलेला तिरका कोपरा बघा. या चारही जागा फरशी उंचावण्यापेक्षा स्वस्त पडतात, आणि उभं राहायची उंचीही जात नाही.