जप करताना या चुका टाळा

श्रावणी सोमवारी परळी वैजनाथला किंवा औंढा नागनाथला रांगेत उभं राहिलं की महामृत्युंजय मंत्र चहूबाजूंनी कानावर येतो. म्हणणाऱ्यांची श्रद्धा खरी असते. तरी घरी नेमानं जप करणारे कितीतरी जण सांगतात, ‘माळ संपते, पण मन काही ठिकाणावर येत नाही.’ अशा वेळी आधी जपाची रीत तपासून बघावी.

सगळ्यात मोठी चूक अर्थ न जाणता म्हणत राहण्याची. हा मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला. उर्वारुक, म्हणजे काकडीच्या जातीचं फळ, देठापासून सुटतं तसं मला मृत्यूच्या बंधनातून सोडव, अमृतत्वापासून मात्र दूर करू नको, असं त्यात मागणं आहे. रानात पिकलेलं वाळूक वेलीपासून आपसूक सुटताना ज्यानं पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मला तर या मंत्रात मरणाची भीती कमी आणि पिकण्याची ओढ जास्त दिसते. आणि घाईत शेवटचं ‘मामृतात्’ गिळलं, की निम्मं मागणंच राहून जातं! म्हणून काही दिवस रोज अकराच वेळा म्हणा. प्रत्येक चरणानंतर थांबा, श्वास घ्या, त्या चरणाचा अर्थ मनात आणा. पतंजलींनी ओंकाराबद्दल ‘तज्जपस्तदर्थभावनम्’ असं सूत्र दिलंय. जप आणि अर्थाची भावना त्यांनी एकत्रच सांगितली आहे.

दुसरी चूक आकड्याची. १०८ मण्यांची माळ मन टिकावं म्हणून असते, पण ‘आज अकरा माळा झाल्याच पाहिजेत’ म्हटलं की लक्ष मण्यांवर जातं. ज्ञानेश्वरांचं घराणं आपल्या पैठणजवळच्या आपेगावचं. त्यांच्या हरिपाठात पहिल्याच अभंगात ‘पुण्याची गणना कोण करी’ असं येतं, आणि आपण तो हरिपाठ म्हणून झाला की माळा मोजायला बसतो. घाई होत असेल तर माळ बाजूला ठेवून पंधरा मिनिटांचा वेळ ठरवा.

मनुस्मृतीत विधियज्ञापेक्षा उपांशु, म्हणजे नुसते ओठ हलवून केलेला जप शंभरपट आणि मानस, म्हणजे मनातल्या मनातला जप हजारपट श्रेष्ठ सांगितलाय. ते वाचून काही जण पहिल्या दिवसापासून मनातल्या मनात जप करू लागतात आणि दहा मिनिटांत पेंगतात. आधी स्वतःला ऐकू येईल असं म्हणा. आवाजावर मन स्थिरावलं की नुसते ओठ हलवा. मानस जप त्यानंतर. झोप आली तर निःसंकोच पुन्हा मोठ्यानं सुरू करा.

मन भटकतं याचा राग धरू नका. लक्षात आलं की पुढच्या चरणापासून पुन्हा म्हणू लागा, मागचे मोजत बसू नका. मोबाईलवर मंत्र लावून घरकाम करणं चांगलंच, पण तेवढ्यानं आपला जप झाला असं समजू नये.

उच्चार चुकेल या धास्तीनं काही जण काहीच म्हणत नाहीत. नामाला ही भीती नको. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळता-कांडता नाम घेतलं. रुद्रासारख्या वैदिक सूक्ताचं तसं नाही, त्यात स्वरांना महत्त्व आहे. ते पुस्तकावरून एकट्यानं सुरू करू नका. गावातल्या जाणत्या गुरुजींसमोर बसून एकेक अनुवाक, म्हणजे त्याचा एकेक भाग, म्हणून घ्या, आणि तोवर नाम चालू ठेवा.