अतिवृष्टीचं अनुदान अडतं कुठे? या चुका टाळा

“यादीत नाव आहे, बांधाशेजारच्याचे पैसे आले, माझेच नाहीत.” दर अतिवृष्टीनंतर तहसीलच्या आवारात हेच ऐकू येतं. पंचनामा झालेला असतो, निधी आलेला असतो. अडतं ते कागदात आणि बँकेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पासबुकाची झेरॉक्स तलाठ्याकडे दिली की पैसे त्याच खात्यात येतील, असं धरून चालणं. डीबीटीची (सरकारकडून थेट खात्यात येणारी) रक्कम आधार क्रमांकावरून जाते. एनपीसीआय या देशातल्या पेमेंट व्यवहारांच्या संस्थेच्या नोंदीत एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते (या जोडणीलाच सीडिंग म्हणतात), आणि ती म्हणजे शेवटी जिथे सीडिंग झालं ती. नेहमीचा प्रकार असा: पीककर्ज जिल्हा बँकेत, पासबुक तिथलं. मधेच एखाद्या दुकानात अंगठा देऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं, आणि सीडिंग गुपचूप तिकडे गेलेलं. शेतकरी जिल्हा बँकेत पासबुक भरून भरून थकतो, रक्कम दुसरीकडेच पडून असते. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं, डीबीटीसाठी ‘सीड’ असणं वेगळं. यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून बँक सीडिंगची स्थिती पाहा. बँकेचं नाव दिसतं. बँक चुकीची असेल तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा संमती फॉर्म भरा, पोच घ्या आणि आठवड्याने स्वतः पुन्हा तपासा. काउंटरवरच्या “झालं” या शब्दावर घरी जाऊ नका. हे काम पेरणीआधी जूनमध्ये करायचं, यादी लागल्यावर नाही.

दुसरी चूक सामाईक सातबाऱ्याची. तीन भाऊ, एक गट, वाटणी फक्त तोंडी. पंचनामा होतो, पण रक्कम कुणाच्या नावे टाकायची? सहहिस्सेदारांचं संमतीपत्र नसलं की नाव मागे राहतं, आणि पुण्या-मुंबईतल्या भावाच्या सहीची शोधाशोध तेव्हा सुरू होते. वडील वारलेत आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर असेल तर आणखी कठीण. मयताच्या नावावर ई-केवायसी (आधार आणि अंगठ्याने ओळख पटवणं) कोण करणार? वारस नोंदीचा अर्ज महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर करता येतो, पण फेरफाराची १५ दिवसांची नोटीस चुकत नाही. एजंटाला पैसे देऊन ती मुदत कमी होत नाही. नुसते पैसे जातात.

यादीत नावासमोर असलेला व्हीके (विशिष्ट) क्रमांक घेऊन ई-केवायसीसाठी आपले सरकार केंद्रावर गेलात तर अंगठा लावण्याआधी पडद्यावरचं नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम वाचा. चूक असेल तर असहमती नोंदवा, म्हणजे तक्रार तहसीलदारांकडे जाते. रांग मोठी आहे म्हणून ‘सहमत’ दाबून मोकळं होणारे नंतर महिनोन्‌महिने खेटे घालतात. २०२५ च्या खरिपात फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली, पण आयडीत सगळे गट जोडलेत का, हे बघायला हवं.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, शेजाऱ्यावर सोडू नका. शेतात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर पड, मग वाद अटळ.

नुकसान ३३ टक्क्यांच्या खाली असेल तर एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती प्रतिसाद निधी) निकषात मदत बसत नाही. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषाचे दर हेक्टरी जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक २२,५०० रुपये, मर्यादा २ हेक्टर. राज्याने वेगळा आदेश काढला तरच जास्त.

पीकविमा आणि अनुदान एक नव्हे. विम्याचा अर्ज भरला म्हणून पंचनाम्याला गैरहजर राहू नका.

बँकेने अनुदान कर्जखात्यात वळवलं तर शाखेत लेखी तक्रार द्या. मदतीच्या शासन निर्णयात अशा वसुलीला मनाई असते.

आणि शेतात गाळ साचला असेल तर पिकाच्या पंचनाम्यावर थांबू नका. ३ इंचांहून जास्त गाळासाठी अल्प-अत्यल्पभूधारकांना याच निकषात हेक्टरी १८,००० रुपयांची वेगळी मदत ठरवलेली आहे. जेसीबी लावण्याआधी गाळात पट्टी उभी धरून फोटो काढा आणि तलाठ्याला जागेवर दाखवा. गाळ उपसल्यावर मोजायला काहीच उरत नाही.