घरमालकाकडे डिपॉझिट अडकलं, वकील लागेल का?

बहुतेकदा नाही. साताऱ्यात किंवा सांगलीत वीस-तीस हजारांच्या डिपॉझिटसाठी वकील केला, तर त्यातला मोठा वाटा फीतच जातो. निकाल कागदांवर लागतो आणि ते जमवायचं काम भाडेकरूचंच.

बहुतेकांचं चुकतं ते किल्ली देताना. ताबा परत दिल्याची तारीख घालून मालकाची दोन ओळींची पोच घ्या. सही देत नसेल तर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘किल्ली दिली, मीटर रीडिंग इतकं’ असं फोटोसह पाठवा. नाहीतर ‘घर महिनाभर उशिरा सोडलं’ म्हणून तेवढं भाडं कापलं जातं. करार, डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद आणि शेवटचं लाईटबिल जपून ठेवा.

भांडण बहुधा रंगावरून होतं. करारात रंगकाम तुमच्याकडे नसेल, तर वापराने मळलेली भिंत ही नेहमीची झीज. फुटलेलं बेसिन मात्र नुकसान. कृष्णाकाठच्या घरांत पुराची ओल जुनी असते, म्हणून राहायला जातानाचे फोटो हवेत.

नोटीस स्वतःच लिहा : डिपॉझिट किती, मान्य कपात किती, बाकी किती, पंधरा दिवसांची मुदत आणि बँक खातं. स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. वकिलाच्या लेटरहेडचा धाक असतो खरा, पण ते सक्तीचं नाही. करार नोंदवलेला नसेल तरी घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

पैसे आलेच नाहीत तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) दावापूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज करा. लोकअदालतीत तडजोड झाली की त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं, अपील होत नाही. मालक तडजोडीला तयार नसेल तर दिवाणी दावा. तो लावायची मुदत ३ वर्षं. तिथेही स्वतः बाजू मांडता येते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी हेल्पलाइन १५१००.

मालकानेच थकबाकीचा किंवा नुकसानीचा दावा लावून समन्स पाठवलं, तर मात्र वकील गाठाच. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, साधारण ३० दिवसांत द्यावी लागते, आणि समन्स घरी पडून राहिलं तर दावा एकतर्फी चालतो.