‘राहून गेलं’ लिहायचं बंद करा

भोसरी एमआयडीसीतल्या एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपमध्ये मी शिफ्ट इन्चार्ज आहे. ऑपरेटरचा लीडर झालेला पोरगा पहिल्या महिन्यात हमखास विचारतो, ‘सर, चूक त्याची, मग अंगावर आपण का घ्यायची?’ मी त्याला ड्रॉवरमधला एक जुना ८डी रिपोर्ट (चूक का झाली आणि उपाय काय, हे आठ पायऱ्यांत मांडणारा) वाचायला देतो. रिपोर्ट माझाच आहे.

बिडाचं हाउसिंग होतं. त्यात ६००० नंबरचं बेअरिंग बसतं, म्हणून बोअर, म्हणजे आतलं भोक, २६ मिमी, एच७ टॉलरन्समध्ये. म्हणजे २६.००० ते २६.०२१, सगळा खेळ २१ मायक्रॉनचा. इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टिकली, झिजत जातो तसं बोअर लहान येतं आणि ऑपरेटर थोडा थोडा वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढणारी दुरुस्ती, मशीनला देत राहतो. त्या दिवशी तो साठत साठत ३० मायक्रॉनवर गेला होता. इन्सर्टचा झिजलेला कॉर्नर बदलून ताजा घेतला की तो शून्य करायचा असतो, नाहीतर बोअर मोठं येतं. दुसऱ्या शिफ्टच्या पोराने कॉर्नर बदलला आणि ऑफसेट तसाच राहिला.

बघा, ‘राहिला’. माझ्याही हातून लिहिलं गेलंच. आपल्या भाषेत ही सोय फार आहे: राहून गेलं, सुटलं, पास झालं. चूक होते, करत कुणीच नाही.

पावणेतीन तासांत १८० नग निघाले आणि रात्रीच्या टेम्पोने चाकणला गेले. सकाळी कस्टमरच्या लाइनवरून फोन आला, ‘बेअरिंग हाताने आत पडतंय.’

असं काही झालं की पहिल्या तासात कस्टमरला फोन तुम्ही करा. क्वालिटीवाल्याला पुढे करू नका, मालकाला तर बाहेरून कळूच देऊ नका. फोनवर माफीपेक्षा आकडे द्या: कुठला लॉट, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंतचा, किती नग, त्यातले लाइनवर किती चढले असतील. मग गेज घेऊन स्वतः जा आणि तिथे उभं राहून माल निवडा. मी गेलो तेव्हा त्यांचा इन्स्पेक्टर दोन तास माझ्याशी बोलला नाही. ठीक आहे, बोअर मोजायला बोलावं लागत नाही. १८० च्या १८० बाद. बोअर लहान असतं तर परत मारता आलं असतं. मोठं झालेलं परत लहान होत नाही.

खरी परीक्षा रिपोर्टच्या चौथ्या डीला, मूळ कारणाच्या रकान्यात. माझ्या पहिल्या मसुद्यात होतं: ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष. ऑपरेटरला प्रशिक्षण दिलं.’ हे वाक्य दहातल्या आठ शॉपच्या फायलीत सापडेल. पाच वेळा ‘का’ विचारायचं म्हणतात, पण ‘का’ माणसापाशी पोचला की आपण पेन खाली ठेवतो. तिथेच आणखी एकदा विचारा, या वेळी स्वतःला: त्या घडीला मी कुठे होतो आणि काय म्हणालो?

मी टेम्पोपाशी होतो. बोअरमध्ये घालून माप तपासायचा प्लग गेज कॅलिब्रेशनला (स्वतःचं माप तपासून घ्यायला) गेलेला, दुसरा नव्हता. पोरगा विचारायला आला होता, ‘सर, पहिला पीस कसा चेक करू?’ मी म्हणालो, ‘चालू ठेव, मी येऊन बघतो.’ आणि गेलो नाही. दुसरा गेज मागवायचं चार महिने माझ्या डायरीत होतं. मालकाकडे तोंड उघडलं नव्हतं.

मग रकान्यात लिहिलं: ‘कॉर्नर बदलल्यावर पहिला नग न तपासता मशीन चालू ठेवण्याची परवानगी शिफ्ट इन्चार्जने दिली.’ कर्ता सापडला की उपायही सुचतो. आता दोन प्लग गेज आहेत. कंट्रोलरवर टूल लाइफचा काउंटर लावलाय. ठरलेले नग झाले की मशीन थांबते. कॉर्नर बदलल्यावर ऑफसेटचा जुना आणि नवा आकडा कार्डावर लिहायचा, खाली पहिल्या नगाचं माप आणि माझी सही. सहीशिवाय नग लाल ट्रेमध्ये. प्रशिक्षण एवढंच लिहून सुटलो असतो, तर यातलं काही झालं नसतं.

पण उलट टोकालाही जाऊ नका. ‘सगळं माझंच चुकलं’ म्हणणारा लीडर दिसायला मोठा, कामाला निरुपयोगी. ऑफसेट शून्य करणं हे ऑपरेटरचंच काम होतं आणि ते त्याला सांगायलाच हवं. फक्त मशीनपाशी चार जणांत नको. मी त्याला चहाच्या टपरीवर नेलं.

‘ऑफसेट तू विसरलास.’

‘हो सर.’

‘तपासणार मी होतो. रिपोर्टमध्ये माझं नाव आहे.’

तो ग्लास फिरवत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘सर, मला वाटलं होतं कॉर्नर बदलल्यावर आवाज वेगळा येतोय. पण तुम्ही घाईत होता.’ हे मला कुठल्याच ८डीमधून कळलं नसतं. माझी घाई बघून माणसं गप्प बसतात हे तेव्हा कळलं. तेव्हापासून टेम्पो भरायला स्टोअरचा माणूस उभा असतो, मी नाही.

पगार कापायची भाषा करू नका. पगार कापलात तर पुढच्या वेळी बाद नग भंगाराच्या पिंपात तळाशी जाईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

शेवटी, हे फुकट नसतं हेही धरून चला. त्या वर्षी माझं इन्क्रिमेंट कमी आलं. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पोराचं नेहमीसारखं झालं.