लोकसभेत चर्चेची सूचना कशी द्यावी

लोकसभेत एखादा विषय मांडू इच्छिणाऱ्या सदस्याने त्याची लेखी सूचना (नोटीस) महासचिवांकडे, म्हणजे लोकसभा सचिवालयाच्या प्रमुखांकडे, आधी द्यावी लागते. या अटीमागे मुख्यतः उत्तर देणाऱ्याचा हक्क आहे. संबंधित मंत्र्यांना खात्याकडून माहिती मागवून ती तपासण्यास अवधी मिळाला, तरच सभागृहासमोर नेमके उत्तर येते.

कोणते संसदीय आयुध, म्हणजे विषय मांडण्याचा कोणता मार्ग, वापरायचे हे प्रथम ठरवावे, कारण मुदत त्यावर अवलंबून असते. प्रश्नासाठी किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते आणि त्यात सूचना दिल्याचा व उत्तराचा दिवस धरत नाहीत. म्हणजे २० तारखेला उत्तर हवे असेल, तर सूचना ४ तारखेपर्यंत पोहोचली पाहिजे. आधी उत्तर दिलेल्या प्रश्नावरील अर्धा तास चर्चेसाठी तीन दिवस आधी सूचना द्यावी, तिला कारणे सांगणारे टिपण जोडावे आणि आणखी किमान दोन सदस्यांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम १९३ खालील, तातडीच्या सार्वजनिक विषयावरील अल्पकालीन चर्चेलाही असेच टिपण व स्वाक्षऱ्या लागतात. स्थगन प्रस्ताव (नियमित कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा) आणि अविश्वास प्रस्ताव (मंत्रिमंडळावर विश्वास नसल्याचा) यांच्या सूचना मात्र त्याच दिवशी सकाळी दहापर्यंत देता येतात. तेथे अवधी कमी असला तरी प्रस्ताव मांडण्याच्या परवानगीसाठी, स्थगन प्रस्तावाला हरकत घेतली गेल्यास आणि अविश्वास प्रस्तावाला नेहमीच, किमान ५० सदस्यांनी उभे राहून पाठिंबा द्यावा लागतो, आणि अविश्वास प्रस्तावावरील चर्चा परवानगी मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत ठेवली जाते.

मजकूर लिहिताना एका सूचनेत एकच विषय घ्यावा आणि तो नेमका सांगावा. ‘शेतकऱ्यांच्या समस्या’ एवढेच लिहिल्यास मंत्र्यांनी कशाची तयारी करावी हे कळत नाही. त्याऐवजी कोणत्या जिल्ह्यातील, कोणत्या हंगामातील, कोणत्या योजनेखालील रक्कम थकली आहे, हे लिहावे. मोघम सूचना देऊन भाषणात अचानक कागद बाहेर काढण्याची पद्धत मला अत्यंत अयोग्य वाटते, कारण तिने आवाज वाढतो आणि प्रश्न तसाच राहतो.

सर्वाधिक काळजी घ्यावी ती आरोपाच्या बाबतीत. नियम ३५३ नुसार कोणत्याही व्यक्तीवर बदनामीकारक किंवा तिला दोषी ठरवणारा आरोप करण्यापूर्वी अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना पुरेशी पूर्वसूचना देणे आवश्यक आहे, जेणेकरून मंत्र्यांना चौकशी करून उत्तर देता येईल. सदस्याला सभागृहातील भाषणाबद्दल घटनेच्या अनुच्छेद १०५ चे संरक्षण असते, म्हणजे त्याबद्दल न्यायालयात कारवाई होत नाही, तर ज्याच्यावर आरोप होतो तो बहुधा सभागृहाबाहेरचा असतो आणि त्याला तेथे बोलता येत नाही. म्हणून हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्वसूचनेत व्यक्तीचे नाव, आरोपाचा तपशील आणि आधारभूत कागदपत्रे द्यावीत.

सूचना दिल्यानंतर, अध्यक्षांनी ती स्वीकारून सदस्यांकडे पाठवली जाईपर्यंत तिला प्रसिद्धी देऊ नये. सत्रसमाप्ती झाल्यास, म्हणजे राष्ट्रपतींनी अधिवेशन संपल्याचा आदेश काढल्यास, विधेयक मांडण्याच्या परवानगीच्या सूचना वगळता बाकी सर्व प्रलंबित सूचना रद्द होतात आणि पुढील सत्रासाठी त्या नव्याने द्याव्या लागतात.