फ्रान्स-स्पेनच्या उन्हाळ्यासाठी कॅरव्हानचं ऑनिंग कसं निवडावं

कॅरव्हानच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, दाराला जोडायचं कापडी ऑनिंग म्हणजे आपली पडवी. पडवी कशासाठी असते हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही: वर छप्पर आणि तीन बाजूंनी वारा. पण इंग्लंडच्या दुकानांत मांडलेली बहुतेक ऑनिंग पडवी नसतातच, ती खोली असतात. इथल्या पावसापासून आणि गारठ्यापासून बचाव व्हावा म्हणून शिवलेली. तीच घेऊन लोक जुलैत डोव्हरहून फेरी पकडतात आणि दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये पोचल्यावर ऑनिंग रिकामं सोडून कॅरव्हानच्या मागच्या सावलीत खुर्च्या टाकून बसतात. मीही बसले आहे, पहिली दोन वर्षं.

मापाचा लोक उगाच बाऊ करतात. कॅरव्हान सपाट जागी उभी करा. तिच्या बाजूला कडेकडेने जी खाच असते, जिच्यात ऑनिंग सरकवून अडकवतात, ती रेल. रेलच्या एका टोकाखालच्या जमिनीपासून सुतळी वर न्या, रेलवरून फिरवून दुसऱ्या टोकाखालच्या जमिनीपर्यंत आणा, आणि मग ती मोजा. सेंटीमीटरमध्ये येईल तो आकडा म्हणजे ‘ए’ माप. पूर्ण लांबीचं ऑनिंग त्यावरून मिळतं. अर्ध्या लांबीचं घेणार असाल तर रेलचा सरळ भाग आणि रेलची जमिनीपासूनची उंची बघा. झालं.

आता एका जागी किती रात्री राहणार ते ठरवा. दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलणार असेल तर रेलमध्ये सरकवायचं, गुंडाळीतून उलगडणारं छत घ्या आणि बाकीचा लेख निवांत वाचा. दहा-पंधरा दिवस एकाच कॅम्पसाइटवर काढणार असाल तर पूर्ण ऑनिंग लावण्याचे कष्ट भरून निघतात.

खरी गोम आहे ती छतात. इथेच मी फसले आणि इथेच बहुतेक जण फसतात. माझं पहिलं ऑनिंग कोळशाच्या रंगाच्या पॉलिएस्टरचं होतं, तीन बाजूंना पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या खिडक्या. बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन-केंद्रातल्या फेब्रुवारीच्या प्रदर्शनात बघितलं होतं. त्या हॉलमध्ये सगळीच ऑनिंग गारेगार वाटतात! आव्हिन्योंजवळच्या साइटवर पहिल्याच दुपारी टेबलावरची मेणबत्ती कमरेत वाकली. पारदर्शक खिडकीतून ऊन आत येतं, आतल्या वस्तू तापवतं, आणि तापलेली हवा बाहेर पडायला वाट नसते. काचेच्या हरितगृहात टोमॅटो असेच पिकवतात.

तेव्हा छताच्या कापडाची चौकशी वेगळी करा. ‘आमचं ऑनिंग ॲक्रिलिकचं आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. पुष्कळदा कनाती श्वास घेणाऱ्या ॲक्रिलिकच्या असतात आणि छत मात्र पाणी अडवायला लेप दिलेलं. विक्रेत्याला विचारा: छत कशाचं? मग मोबाइलचा टॉर्च लावून तो त्या कापडामागे धरा. लख्ख उजेड आरपार आला तर ऊनही येणारच. पातळ, स्वस्त पॉलिएस्टर इथेच नापास होतं. शिवाय प्रखर उन्हात ते वर्षागणिक विटतं आणि कमकुवत होतं. ॲक्रिलिकचा धागा मुळातच रंगवलेला असतो, म्हणून त्याचा रंग कितीतरी जास्त टिकतो.

गारव्याचाच विचार केला तर माझं मत पॉलीकॉटनला, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टरच्या मिश्र कापडाला. हॉलंडचे लोक दरवर्षी दक्षिणेला येतात आणि त्यांच्या तंबूंत हे जाडसर, सुती स्पर्शाचं कापड पुष्कळ दिसतं. ते ऊन अडवतं आणि आत कोंदट होत नाही. पण ते जड असतं, आणि ओलं गुंडाळून ठेवलंत तर पावसाळाभर ट्रंकेत राहिलेल्या गोधडीसारखा वास आणि बुरशीचे ठिपके. निघायच्या आदल्या रात्री पाऊस झाला तर घरी पोचल्या पोचल्या गॅरेजमध्ये पसरून वाळवायची तयारी असेल तरच घ्या.

रंगाबद्दल दोन्हीकडून अर्धवट सल्ला मिळतो. फिकट छत ऊन परतवतं, पण विरळ असेल तर खाली डोळे दिपतात. गडद छत उजेड अडवतं, पण स्वतः तव्यासारखं तापतं आणि ती धग डोक्यावर जाणवत राहते. बाहेरून फिकट आणि विणीने घट्ट असलेलं शोधा. ते मिळालं नाही तर छताला दुसरा पदर द्या. कौलारू घरात माळा असला की खालची खोली गार राहते, तसंच इथे. काही ऑनिंगना आतून टांगायचं अस्तर मिळतं, ते जरूर घ्यावं. अस्तर आणि छत यांच्यामध्ये हवेला फिरायला जागा हवी, एकमेकांना चिकटलेले दोन पदर काही कामाचे नाहीत.

छत पास झालं की कनातींकडे वळा. प्रश्न एकच: किती सुटतात? समोरची आणि दोन्ही बाजूंच्या कनाती झिपने पूर्ण काढता आल्या पाहिजेत. हवा भरायच्या, म्हणजे खांबांऐवजी फुगवलेल्या नळ्यांवर उभं राहणाऱ्या, ऑनिंगमध्ये बाजूच्या कनाती अनेकदा शिवूनच टाकलेल्या असतात. फोटोत ते कळत नाही. झिप स्वतः उघडून बघा. जाळीची खिडकी खाली असेल तर रेलजवळ उंचावरही झरोका हवा, कारण गरम हवा वरूनच बाहेर जाते. जाळी कामार्गच्या दलदलीजवळ उतरणार असाल तर अत्यावश्यक, तिथले डास आपल्या खाडीकाठच्या डासांना लाजवतील.

ऑनिंगचं तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला असलं तर दुपारनंतर कॅरव्हानचीच सावली कामाला येते. पण उभं कसं राहायचं हे बऱ्याच साइटवर जागेची आखणीच ठरवते, म्हणून पश्चिमेचं तिरकं ऊन अडवायला एक सुटी, वर-खाली करता येणारी कनात असावी. जूनच्या दुपारी सूर्य दक्षिण फ्रान्समध्ये क्षितिजावर सुमारे ७० अंशांवर असतो, त्याला छत पुरतं. सहा वाजताच्या सूर्याला पुरत नाही.

एक गोष्ट खरेदीआधीच तपासा. कॅरव्हानच्या बाजूला फ्रिजच्या जाळ्या आणि हीटर-बॉयलरच्या धुराचं तोंड असतं. फ्रिजच्या जाळ्या बंद ऑनिंगच्या आत आल्या तर ऐन उन्हात फ्रिज थकतो आणि दूध नासतं. धुराचं तोंड आत येत असेल तर ते ऑनिंग तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही स्वस्त मिळो. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेगडी किंवा बार्बेक्यूही आत नाही, पाऊस आला तरी नाही.

हवेचं की खांबांचं? हवेचं झटपट उभं राहतं, मान्य. पण सकाळी १५ अंशांना ७ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाने भरलेली नळी दुपारी ४५ अंशांपर्यंत तापली की आतला दाब सव्वानऊच्या आसपास जातो. म्हणून आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व आहे का ते विचारा. नसेल तर रोज बाराच्या आत थोडी हवा सोडा आणि संध्याकाळी पुन्हा भरा. मी या कटकटीला कंटाळून खांबांकडे वळले.

वाऱ्याला मात्र हसू नका. ऱ्होनच्या खोऱ्यात मिस्त्राल आणि पेर्पिन्याँच्या बाजूला त्रामोंतान हे जोरदार वारे स्वच्छ निळ्या आभाळातून येतात, ढगांची वर्दी मिळत नाही. समोरून उघडं ऑनिंग पतंगासारखं उचललं जातं. वादळपट्टे बांधायला कड्या आहेत का बघा आणि पट्टे पहिल्याच दिवशी लावा. वाऱ्याच्या बाजूची कनात पुन्हा चढवायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागू नये, म्हणून घरच्या अंगणात एकदा सराव करा. गुंडाळीचं छत असेल तर रात्री झोपताना आणि साइट सोडून फिरायला जाताना गुंडाळायचंच.

ऑनिंगबरोबर मिळणाऱ्या खुंट्या घरीच ठेवा. तिथल्या खडकाळ, उन्हाने भाजलेल्या जमिनीत त्या वाकतात. कठीण जमिनीच्या जाड पोलादी खुंट्या आणि चांगला हातोडा घ्या.

आणि वजन. पूर्ण ऑनिंग, खांब, अस्तर, खुंट्या मिळून ३०-४० किलो सहज होतात. कॅरव्हानच्या परवानगीच्या वजनात किती सामान बसतं ते तिच्या पाटीवरून काढा. आमचं ऑनिंग गाडीच्या डिकीत जातं, आणि त्याच्या जागी कॅरव्हानमध्ये बासमतीचं पोतं आणि कुकर.