‘यूज्ड टू’ ग्रीकमध्ये नेताना वाटेत मराठीत थांबा

तुम्ही इंग्रजीतून ग्रीकमध्ये अनुवाद करता, ग्रीक लिपी येते आणि क्रियापदाचे काळ ओळखता येतात, असं धरून चालते. ‘सवय म्हणजे सिनीथिया, पाठ करा आणि लागा कामाला’ हा सल्ला जागोजागी मिळतो. तो ऐकू नका. इंग्रजी वाक्यात सवय असली, तरी ग्रीक वाक्यात सवयीचा शब्द लागेलच असं नाही. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी ते वाक्य मराठीत मोठ्याने म्हणा.

‘यूज्ड टू’ने मला फार छळलं, कारण इंग्रजी एकाच शब्दावर भागवते आणि मराठी तीन वेगळ्या गोष्टी सांगते. आजी चहा प्यायची. आजीला थंडीची सवय आहे. आजीला थंडीची सवय झाली.

‘प्यायची’ला ग्रीकमध्ये नुसता अपूर्ण भूतकाळ पुरतो: एपिने. वेगळा शब्द जोडू नका. ‘पीत होती’लाही हेच रूप येतं, म्हणून संदर्भ पुसट असेल तर ‘काथे प्रोई’, म्हणजे रोज सकाळी, एवढं घाला. एकदाच प्यायली असेल तर ‘ईपिये’. ‘सवय आहे’साठी ‘एही सिनिथीसी तो क्रीओ’ आणि ‘सवय झाली’साठी ‘सिनीथिसे तो क्रीओ’.

खरा खड्डा इथेच आहे. ‘सिनीथिझा ना ग्राफो ती निख्ता’ म्हणजे मी रात्री लिहीत असे. ‘सिनीथिसा ना ग्राफो ती निख्ता’ म्हणजे मला रात्री लिहायची सवय लागली. एक झ आणि एक स, बाकी सगळं तेच. पहिल्यात बहुधा ती रीत मागे पडलेली असते, दुसऱ्यात ती अंगवळणी पडलेली असते. एका पत्राच्या अनुवादात मी झच्या जागी स लिहिला आणि ज्या बाईंनी रात्रीचं लेखन कधीच सोडलं होतं, त्या माझ्या पानावर अजून जागत बसल्या. व्याकरण निर्दोष होतं, त्यामुळे तपासणाऱ्यालाही चूक दिसली नाही. तेव्हापासून प्रत्येक ‘सिनीथि-’पाशी मी थांबते आणि अक्षर बोटाने दाखवून वाचते. तुम्हीही तसंच करा.

नाम निवडताना ‘एथिझमोस’पासून लांब राहा. जुन्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ वळण लावणं असा होता, पण आजच्या ग्रीकमध्ये ते व्यसन आहे. आजीच्या चहाला हा शब्द लावलात तर वाचणारा तिच्या प्रकृतीची चौकशी करेल. समाजाची चाल असेल तर ‘एथिमो’. ‘ईथी के एथिमा’ ही जोडी तर आपल्या चालीरीतींसारखीच बोलण्यात येते.

इंग्रजी मजकूर ॲरिस्टॉटलच्या विचारांचा असेल तर नियम बदलतात. त्याचा ‘हेक्सिस’ हा शब्द ‘असणे, बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. लॅटिनने त्याच धर्तीवर ‘हाबितुस’ वापरला आणि इंग्रजी ‘हॅबिट’ तिथून आला. तरी हेक्सिस म्हणजे नुसती सवय नव्हे, मुरलेली वृत्ती. तिथे ‘सिनीथिया’ घालणं मला मान्य नाही.

‘फॅमिलिअर’ त्या मानाने सोपा आहे, कारण मराठी इथे मदतीला येते. ‘ईकोस’ म्हणजे घर. त्यावरून ‘इकिओतिता’, म्हणजे आपला घरोबा, आणि ‘इकीई’ म्हणजे घरचे. म्हणूनच ओळखीच्या चेहऱ्याला ‘ग्नोरिमो प्रोसोपो’ म्हणा. ‘इकीओ’ म्हटलंत की तो चेहरा जिव्हाळ्याचा होतो. यंत्र किंवा एखादा विषय सरावाचा असेल तर ‘एक्सिकिओमेनोस मे’. आणि कुणी नको तितकी सलगी करत असेल तर घरोब्याचा शब्द वापरूच नका. ग्रीक माणूस तिथे धैर्याचा शब्द काढतो: ‘पोली थारोस पीरेस’, फारच धीट झालास.